यूपीएस आहे, मग ईसीसी कशाला?

फोंडा-म्हापशाकडे पतसंस्थेचा सर्व्हर घेताना हमखास ऐकू येतं: यूपीएस लावला की पुरे, ईसीसी (स्वतःतल्या चुका ओळखून सुधारणारी रॅम) कशाला; रॅम एकतर चालते नाहीतर बंद पडते. हे खरं नाही. वीज अखंड असली तरी रॅमच्या चिपमधला एखादा बिट उलटू शकतो, म्हणजे 0 चा 1 किंवा 1 चा 0 होतो; मशीन चालूच राहतं, आकडा मात्र बदलतो. 2003 साली बेल्जियममधल्या स्कारबेकच्या मतमोजणीत एका उमेदवाराला 4096 मतं जादा दिसली. बरोबर दोनाचा बारावा घात; आकड्यातल्या प्रत्येक बिटची किंमत दोनाचा एखादा घात असते, म्हणजे ही एक बिट उलटल्याची खूण. आकडा अशक्य होता म्हणून तरी लक्षात आलं. खातेदाराच्या शिलकेत कुणाला कळणार? ईसीसी 64 बिटांमागे 8 तपासणी-बिट ठेवते: एक चूक जागीच सुधारते, दोन असतील तर ओळखते. लोकांच्या ठेवी ज्या मशीनवर आहेत, तिथे ती हवीच. मदरबोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही ईसीसी चालवतात का, हे मात्र आधी विचारून घ्या.