कडक ऊन आणि तिरपं ऊन: कातळाचे कृष्णधवल फोटो काढताना

‘दुपारी कॅमेरा बाहेर काढू नकोस, लाइट हार्श असतो’ हा सल्ला सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी दिलेला असतो. माणसांच्या चेहऱ्यांसाठी तो ठीक आहे. कातळाच्या कृष्णधवल फोटोसाठी मात्र अर्धाच खरा, कारण त्यात दोन गोष्टींची गल्लत होते: ऊन कडक असणं आणि ऊन तिरपं असणं.

ऊन किती कडक, हे उजेड केवढ्या जागेतून येतो यावर ठरतं. निरभ्र आभाळात सूर्य इवलासा दिसतो, म्हणून सावलीची कड धारदार पडते. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि कड पुसट होते. तिरपेपणा हा ऊन आणि दगडाचा पृष्ठभाग यांच्यातला कोन: कोन जितका लहान, तितकं ऊन तिरपं. सूर्य क्षितिजापासून किती वर आहे याच्याशी त्याची सांगड आपण सवयीने घालतो, पण ती फक्त सपाट जमिनीपुरती खरी.

उभ्या कड्याचं उदाहरण घ्या. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळभर तो स्वतःच्याच सावलीत असतो. आपल्याकडे घड्याळात साडेबाराच्या आसपास मध्यान्ह होते. त्यानंतर ऊन हळूहळू कड्यावरून घसरत खाली येतं. बेसाल्टचे, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे, थर, आडव्या भेगा, खोबणी, सगळ्यांच्या सावल्या लांब ओघळतात. म्हणजे ज्या वेळेला सगळे कॅमेरे पिशवीत असतात, त्या वेळी कड्यावरचं ऊन कडकही असतं आणि तिरपंही.

संध्याकाळी नेमकं उलटं होतं. सूर्य कड्याच्या समोर येतो, भिंत सोनेरी होते आणि कड्यावर गर्दी जमते. रंगीत फोटो झकास येतात. पण त्या फोटोतला रंग काढून पाहा: उरते एकसारखी करडी भिंत, कारण सावल्या दगडाच्या मागे लपलेल्या असतात. फोटो सोन्याच्या जोरावर उभा होता, आकाराच्या नाही. कडा अर्धगोल असल्यामुळे त्याचं एखादं टोक तेव्हाही तिरप्या उन्हात सापडतं. मी तरी संध्याकाळी तेवढंच शोधेन.

इथे बरेच जण कॉन्ट्रास्टचा स्लायडर ओढतात. त्याने आहे तो फरक वाढतो, हवेतला धूसरपणा आणि सेन्सरचे दाणेही वाढतात. जी सावली पडलीच नव्हती ती कुठून येणार? लाल फिल्टरचंही तसंच. निळं आभाळ तो गडद करतो आणि कोकणातला तांबूस जांभा उजळतो, पण काळ्या-करड्या बेसाल्टला मुळात रंगच बेताचा, त्यामुळे भिंतीचा पोत काही त्याने उठत नाही.

निघोजला, कुकडीच्या पात्रात, हिशेब पुन्हा बदलतो. तिथला कातळ आडवा पसरलेला, त्यामुळे रांजणखळग्यांच्या (पाण्याने कातळात कोरलेल्या रांजणासारख्या खड्ड्यांच्या) काठांसाठी सकाळचं कलतं ऊनच हवं. पण तेव्हा खळग्यांच्या पोटात निव्वळ काळोख असतो. आतल्या भिंती उभ्या आहेत ना, मग त्यांना ऊन डोक्यावरचंच लागतं. साधारण मेच्या मध्यावर, शून्य सावलीच्या दिवसांत (मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा), भर दुपारी ते खळग्यात सरळ उतरतं आणि पाण्याने घासून काढलेली वळणं दिसू लागतात. वरचा कातळ त्या वेळी अगदी सपाट दिसतो, म्हणून कॅमेरा खळग्याच्या तोंडावर आणून काठ चौकटीबाहेर ठेवलेला बरा.

जागेवर दोन्ही गोष्टी तपासायला पेन्सिल पुरते. ती दगडाच्या पृष्ठभागावर काटकोनात टेकवा. भिंत असेल तर पेन्सिल आडवी होईल. सावलीची कड कडकपणा सांगते, लांबी तिरपेपणा. सावली पेन्सिलीच्या दुप्पट असेल तर ऊन पृष्ठभागाशी सुमारे 27 अंशांचा कोन करतंय, म्हणजे पोत उठायला पुरेसं तिरपं. लांब सावली आणि धारदार कड असेल तर एक्स्पोजर उजळ भागावर बेता आणि फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) घ्या, कारण जळालेला पांढरा भाग परत मिळत नाही. कड पुसट, तरी सावली लांब, असं पातळ ढगांमागच्या सूर्यामुळे मिळालं तर ते सोडू नका. भेगांच्या आतला दगडही त्यात दिसतो.