पावसात न चालणारी छत्री

१६ जुलै १९९७ रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. ४८०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर उपग्रहाचे कार्यक्रम थेट घरात घेण्यास तिने बंदी घातली. स्टार समूहाची ‘आयस्कायबी’ नावाची सेवा तेव्हा सुरू होण्याच्या बेतात होती. तिचे दुकान उघडण्याआधीच बंद झाले. पुढे नोव्हेंबर २००० मध्ये मंत्रिमंडळाने डीटीएचला, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या दूरचित्रवाणीला, मान्यता दिली, १५ मार्च २००१ रोजी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि पहिली सेवा, झी समूहाची डिश टीव्ही, सुरू व्हायला ऑक्टोबर २००३ उजाडला. म्हणजे सहा वर्षे गेली. आज डीटीएचची ग्राहकसंख्या दरवर्षी का घटते याची चर्चा ओटीटी आणि फायबरपासून सुरू होते, पण मला वाटते ती या सहा वर्षांपासून सुरू व्हायला हवी. डीटीएचची छत्री, म्हणजे घराला लावायची छोटी तबकडी, बाजारात आली तेव्हा केबलची वायर गल्लीगल्लीत रुजून गेली होती.

गंमत अशी की, उपग्रहावरून थेट खेड्यात दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग आपण जगात फार लवकर केला होता. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असा वर्षभर चाललेला ‘साइट’ हा तो प्रयोग. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेतला होता. आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत सार्वजनिक संच बसवले होते. महाराष्ट्र त्यात नव्हता. अँटेना तीन मीटर व्यासाची आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची. शेती, आरोग्य, शाळा असे कार्यक्रम लागत आणि गाव समोर बसून पाही. वर्ष संपले, उपग्रह परत गेला, संच गप्प झाले. थेट प्रक्षेपणाची वाट तिथेच थांबली. पुढे इन्सॅट आले ते मुख्यतः दूरदर्शनच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांना कार्यक्रम पुरवण्यासाठी.

मधल्या काळात मुंबईत भलतेच काही तरी घडत होते. ऐंशीच्या दशकात इमारतीतल्या एखाद्या हिकमती माणसाने व्हीसीआर घ्यायचा, जिन्यातून वायर सोडायची आणि रात्री सगळ्या बिऱ्हाडांना सिनेमा दाखवायचा, असा धंदा सुरू झाला होता. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटले, पंचतारांकित हॉटेलांतल्या सीएनएनचा बोलबाला झाला आणि या मंडळींच्या लक्षात आले की आकाशाकडे तोंड केलेली एक मोठी तबकडी गच्चीवर बसवली की कॅसेटची गरजच नाही. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी. दोन्ही वाहिन्या एशियासॅट-१ वरून येत.

‘उपग्रह विरुद्ध केबल’ ही मांडणी खरे तर थोडी फसवी आहे. केबलवाल्याकडचे सगळेच उपग्रहावरून यायचे, आजही बरेचसे तसेच येते. भांडण होते ते शेवटच्या दोनशे मीटरचे: गच्चीवरून दिवाणखान्यापर्यंत वायरने जायचे की प्रत्येक दिवाणखान्याने स्वतःची गच्ची करायची.

या दोनशे मीटरांवर सरकारने दोन अगदी वेगळे कायदे लावले. १९९५ च्या केबल कायद्यानुसार केबलवाला व्हायचे तर पोस्टात जाऊन अर्ज भरायचा. मुख्य टपाल कार्यालयाचा पोस्टमास्तर हाच नोंदणी अधिकारी आणि शुल्क किरकोळ. डीटीएचवाला व्हायचे तर १० कोटी प्रवेश शुल्क, ४० कोटींची बँक हमी आणि दरवर्षी एकूण महसुलाच्या १० टक्के परवाना शुल्क. शिवाय वाहिनीवाल्या कंपनीला डीटीएचमध्ये २० टक्क्यांवर हिस्सा घ्यायला मनाई. एकाच सिनेमाला दोन दारे, एकावर तिकीट आणि दुसऱ्यावर ओळखीचा डोअरकीपर, असा तो मामला होता. केबलवाल्यांपैकी बहुतेकांनी वर एक युक्ती शोधली. गल्लीत जोडण्या असायच्या पाचशे, वरच्या वितरकाला आणि वाहिन्यांना सांगायच्या शंभर. ॲनालॉग वायरीत कोण बघतोय हे मोजायची सोयच नव्हती. डीटीएचचा मात्र प्रत्येक बॉक्स कंपनीच्या संगणकात नोंदलेला, म्हणजे प्रत्येक ग्राहकामागे वाहिनीला पैसे, सरकारला पैसे, करमणूक कराचे पैसे. प्रामाणिक असणे इथे यंत्रातच बसवलेले होते आणि ते महाग पडले.

तंत्राचाही एक वांधा होता. केबलवाल्याची भली मोठी तबकडी सी-बँडवर चाले. त्या लहरींची लांबी सात-आठ सेंटिमीटर. घराच्या खिडकीला लावता येईल अशा दोन फुटी छत्रीसाठी केयू-बँड लागतो, लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. एवढ्या आखूड लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात, विखुरतात. म्हणून जुलैत धो-धो कोसळू लागला की आधी चित्राचे चौकोन होतात, मग आवाज तुटतो, मग पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’. गावाकडे तिला छत्री म्हणतात. पावसातच बंद पडणारी छत्री हा विनोद कोकणात कोणी मुद्दाम केलेला नाही, तो आपोआप झालेला आहे. माझ्या आजोळी सरीचा जोर वाढला की आजी ‘आता बातम्या गेल्या’ म्हणून वाती वळायला घ्यायची.

तरीही डीटीएच चालले, आणि जोरात चालले. डिसेंबर २००४ मध्ये प्रसार भारतीची मोफत डीडी डायरेक्ट प्लस आली, ऑगस्ट २००६ मध्ये टाटा आणि स्टारची टाटा स्काय. मग सन डायरेक्ट, रिलायन्सचा बिग टीव्ही, एअरटेल आणि २००९ मध्ये औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची डी2एच. एका देशात सशुल्क डीटीएचच्या सहा कंपन्या! अडचण प्रेक्षकांची नव्हती, जागेची होती. वाहिन्या वाढत होत्या आणि उपग्रहावरचे ट्रान्सपाँडर, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारी यंत्रे, मोजके. १० जुलै २००६ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला जीएसएलव्ही अग्निबाण इन्सॅट-४सी उपग्रह घेऊन मिनिटाभरात कोसळला, त्यावरचे ट्रान्सपाँडर डीटीएचसाठीच होते. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बीच्या सौर पॅनेलमध्ये बिघाड झाला, निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले आणि सन डायरेक्टच्या ग्राहकांपुढे अंधार पसरला. वायर तुटली तर केबलवाल्याचा पोऱ्या शिडी घेऊन येतो. ३६ हजार किलोमीटरवर शिडी लागत नाही.

कंपन्या वेगवेगळ्या उपग्रहांवर बसल्या, काहींनी परदेशी उपग्रहांवर जागा भाड्याने घेतली. परवान्यात अट होती की एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालावा. पण चित्र दाबून पाठवण्याचे कोणाचे तंत्र एमपेग-२, कोणाचे एमपेग-४, कोणाची छत्री या अंशाला तर कोणाची त्या. अट कागदावरच राहिली. ग्राहकाने कंपनी बदलली की जुना बॉक्स माळ्यावर आणि जुनी छत्री खिडकीच्या गजावर तशीच. मुंबईच्या लोकलमधून जाताना एकेका खिडकीला दोन-दोन छत्र्या दिसायच्या, त्याचे कारण हे.

डीटीएचची भरभराट स्वतःच्या गुणांपेक्षा केबलच्या दुखण्यावर अधिक पोसली, असे माझे मत आहे. केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा करण्याची ‘कॅस’ योजना २००३ मध्ये चेन्नई वगळता बारगळली आणि डिसेंबर २००६ अखेर दक्षिण मुंबई, दक्षिण दिल्ली, दक्षिण कोलकात्यापुरती आली. खरा दणका केबल डिजिटल करणे सक्तीचे करणाऱ्या २०११ च्या कायदादुरुस्तीने दिला. ३१ ऑक्टोबर २०१२ ही महानगरांची मुदत, ३१ मार्च २०१३ ही पुणे, नागपूर, नाशिकसह ३८ शहरांची. त्यानंतर उरलेला देश, तो रखडत २०१७ पर्यंत. प्रत्येक मुदतीला ॲनालॉग सिग्नल बंद होई, केबलवाल्याकडे बॉक्स पुरे नसत, आणि लोक म्हणत, ‘बॉक्स घ्यायचाच आहे तर डिशचाच घेऊ.’ ही डीटीएचची सुगी. पण सुगीत पेरणीही दुसऱ्याचीच होत होती. डिजिटल झालेल्या केबलवाल्याकडे आता चांगले चित्र होते, मोजता येणारे ग्राहक होते आणि अनेक ठिकाणी त्याच्या मुख्य वायरीत फायबर आले होते.

मग १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाची नवी दरपद्धत आली. १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये नेटवर्क शुल्क, कर धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि त्यावर निवडाल त्या सशुल्क वाहिन्यांचे पैसे. केबल असो की डिश, मोजमाप एकच. हेतू चांगला होता, पण घरोघरी वही-पेन घेऊन वाहिन्यांची बेरीज करायची वेळ आली. बिल कमी होईल अशी आशा होती आणि अनेकांचे वाढले. महिन्याच्या रिचार्जकडे लोक प्रथमच संशयाने पाहू लागले, आणि नेमक्या त्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१९ रोजी, जिओफायबरची व्यावसायिक सेवा सुरू झाली.

त्याआधीची एक हालचाल जास्त बोलकी आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांचा ताबा घेण्याचे जाहीर केले. खासगी वाहिन्यांच्या धंद्यासाठी? त्यापेक्षा मोलाची गोष्ट त्यांच्याकडे होती: घरापर्यंत गेलेली वायर, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला, गच्चीच्या किल्लीला, नाक्यावरच्या खांबाला ओळखणारा केबलवाला. फायबर टाकताना सर्वांत अवघड काम काचेची तार ओढण्याचे नसते, परवानगीचे असते. पोस्टात अर्ज भरून सुरू झालेला तो गल्लीतला धंदा तीस वर्षांनी या ओळखीच्या जोरावर टिकला. अनेक केबलवाले आज त्याच गच्च्यांवरून इंटरनेट विकतात.

इथे डीटीएच उघडी पडते. केबलशी तिची बरोबरी होती, कारण दोघांनाही फक्त सांगता येत असे, ऐकता येत नसे. फायबर ऐकते. प्रेक्षकाने कालचा भाग मागितला तर फायबर तो एकट्याला आणून देते. उपग्रह एकच चित्र कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत एकाच खर्चात ओतू शकतो, पण प्रत्येक घराला वेगळे काही देणे त्याला परवडत नाही, आणि छत्रीतून परत वर काही पाठवता येत नाही. म्हणून डीटीएच कंपन्यांनी बॉक्सला इंटरनेटची पिन जोडली, ॲपचे गठ्ठे विकले. टाटा स्कायने ब्रॉडबँडही आणले आणि जानेवारी २०२२ मध्ये नावातले आकाशच काढून टाकले: टाटा प्ले. एअरटेलने डीटीएच, फायबर, मोबाइल एका बिलात बांधले आणि मार्च २०२५ मध्ये दोन हजार शहरांत फायबरवरून टीव्हीची सेवा सुरू केली. छत्री विकणारी कंपनीच छत्रीला पर्याय देऊ लागली.

पैशाचा ओघ कुठे वळला हे क्रिकेटने सांगितले. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचे भारतीय उपखंडातले हक्क विकले गेले. टीव्हीचे २३,५७५ कोटींना, डिजिटलचे २३,७५८ कोटींना. डिजिटलने प्रथमच टीव्हीला मागे टाकले, आणि २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर फुकट दिसला. डिशवर त्याच सामन्यांसाठी क्रीडावाहिनीचे पैसे भरावे लागत होते.

शहरात फायबर वरून दाबत असताना गावात खालून दाबणारी दुसरी छत्रीच होती. डीडी डायरेक्ट प्लस २०१४ मध्ये डीडी फ्री डिश झाली. एकदा छत्री-बॉक्सचे पैसे दिले की महिन्याला काहीही नाही. सह्याद्री तर आहेच, फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा अशा वाहिन्याही तिथे पोहोचल्या. अलीकडच्या उद्योग-अंदाजांत ती साडेचार ते पाच कोटी घरांत धरली जाते. तंत्र तेच, पाऊस तोच, फक्त रिचार्ज नाही. तिला परवाना शुल्क नाही, केबललाही नाही. सशुल्क डीटीएचला मात्र होतेच. त्याच्या हिशेबावरून वर्षानुवर्षे वाद चालले, आणि डिसेंबर २०२० मध्ये एकट्या डिश टीव्हीला व्याजासह ४,१६४ कोटींची मागणी आली. त्याच महिन्यात सरकारने शुल्क समायोजित महसुलाच्या ८ टक्क्यांवर आणले. ऑगस्ट २०२३ मध्ये ट्रायने ते ३ टक्के करावे आणि २०२६-२७ नंतर पूर्ण काढावे, अशी शिफारस केली.

तोवर सहाच्या चार कंपन्या झाल्या होत्या. बिग टीव्ही २०१७ मध्ये विकला गेला. २०१५ मध्ये थेट अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारावर पोहोचलेली व्हिडिओकॉन डी2एच मार्च २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. ट्रायच्या आकड्यांनुसार २०२० मध्ये सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक सुमारे ७ कोटी होते. मार्च २०२४ मध्ये ते ६ कोटी २० लाखांच्या आसपास आले, तर मार्च २०२५ मध्ये ५ कोटी ७० लाखांच्या. टाटा आणि एअरटेल यांच्या डीटीएच व्यवसायांच्या विलीनीकरणाची बोलणी त्याच वर्षी सुरू झाल्याचे जाहीर झाले आणि मे महिन्यात फिसकटल्याचेही.

जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातून जीसॅट-२४ हा चार टनांचा उपग्रह वर गेला. अंतराळ विभागाच्या न्यू स्पेस इंडिया कंपनीची ही मागणीनुसार बांधलेली पहिली मोहीम, आणि त्याची सगळी क्षमता टाटा प्लेने भाड्याने घेतलेली. एकेकाळी ज्यांना ट्रान्सपाँडर मिळत नव्हते त्यांच्यासाठी अख्खा उपग्रह. खाली छत्र्या कितीही उरल्या तरी तो तेवढ्याच जागेवर तेच सिग्नल ओतत राहणार. त्याचे नियोजित आयुष्य १५ वर्षांचे आहे.