रमण राघव: मुंबईची झोप उडवणाऱ्या खुन्याची पार्श्वभूमी

रमण राघवचं नाव निघालं की चर्चा लगेच आकड्यावर जाते, त्याने ४१ खून केले वगैरे. पण हे प्रकरण नीट समजून घ्यायचं तर आधी बघायला हवं की मेले कोण. फुटपाथवर, झोपडीत, दाराबाहेर पथारी टाकून झोपलेली माणसं. १९६१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साधारण ४१ लाख होती आणि १९७१ ला ती ६० लाखांच्या जवळ गेली. दहा वर्षांत एवढी माणसं आली, कामं मिळाली पण डोक्यावर छप्पर नाही, मग जिथे जागा मिळेल तिथे अंग टाकायचं. कडी लावायला धड दार नाही असे हजारो लोक रात्री उघड्यावर होते आणि खुन्याला नेमकं तेच सोपं पडलं.

पहिली लाट १९६५-६६ ची. मध्य रेल्वेच्या रुळांजवळच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांत रात्री झोपलेल्या माणसांच्या डोक्यात जड वस्तू घालून हल्ले व्हायला लागले, १९ जणांवर हल्ले झाले आणि त्यातले ९ जण गेले. कोणतीही ओळख नाही, भांडण नाही, आणि काही चोरीला गेलं तरी ते इतकं किरकोळ की त्यासाठी कोणी जीव घेईल असं वाटणारच नाही. तेव्हा त्या भागात फिरणारा एक माणूस पोलिसांनी उचलला होता, दरोड्याच्या गुन्ह्यात आधी पाच वर्षं जेलमध्ये काढलेला, त्याची फाईल पोलिसांकडे होतीच. तो रमण राघव. पुरावा मिळाला नाही म्हणून त्याला सोडून द्यावं लागलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त टोचतं ते हेच, कारण दोन वर्षांनी जे मेले ते याच माणसाच्या हातून.

१९६८ मध्ये परत तोच प्रकार, या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. लोक रात्र रात्र काठ्या घेऊन पहारा द्यायला लागले, भुताखेताच्या अफवा उठल्या, आणि कुणी अनोळखी दिसला की संशयावरून त्याला धरून बदडायचे. तपासाची सूत्रं क्राइम ब्रँचच्या रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती, जे पुढे राज्याचे पोलीस महासंचालक झाले. त्यांनी जुन्या हल्ल्यांच्या फायली परत उघडायला लावल्या, आणि त्यातूनच संशयिताचा जुना फोटो पोलिसांच्या हातात पडला.

२७ ऑगस्ट १९६८ ला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियालो यांनी डोंगरी भागात रस्त्यावरून चाललेल्या एका माणसाला त्या फोटोवरून ओळखलं आणि थांबवलं. अंगात खाकी हाफ पँट, हातात छत्री. छत्री ओली होती पण त्या भागात तर पाऊसच नव्हता, मग हा आला कुठून? झडतीत चष्मा, कंगवे, कात्री, साबण, लसूण, चहा पावडर असला किरकोळ ऐवज निघाला. कपड्यांवर रक्ताचे डाग होते. बोटांचे ठसे जुळले आणि रमण राघव ऊर्फ सिंधी दलवाई हीच ती व्यक्ती हे पक्कं झालं. तो बरेच दिवस तोंड उघडत नव्हता, शेवटी चिकनचं जेवण दिल्यावर बोलायला लागला असं सांगतात. मग त्यानेच पोलिसांना फिरवून जागा दाखवल्या, लपवलेलं लोखंडी हत्यार काढून दिलं आणि खुनांची कबुलीही दिली. ४१ चा आकडा या कबुलीतूनच आलाय. कोर्टात मात्र खटला मालाडजवळच्या दोन खुनांवरून उभा राहिला.

१९६९ मध्ये सेशन्स कोर्टात बचावाच्या वकिलांनी मुद्दा मांडला की हा माणूस वेडा आहे. पोलीस सर्जनने त्याला काही दिवस देखरेखीखाली ठेवलं आणि ठणठणीत ठरवलं, मग फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याने अपीलसुद्धा केलं नाही. पण फाशीवर हायकोर्टाचं शिक्कामोर्तब लागतंच, आणि हायकोर्टाने तीन मनोविकारतज्ज्ञांचं खास मंडळ नेमायला सांगितलं. त्यांनी पाच बैठका घेतल्या. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जगं दोन आहेत, एक कायद्याचं आणि एक हे पापी जग, आणि आपण 'कानून'चे प्रतिनिधी. शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी हात पुढे केला तर त्याने मिळवला नाही, या पापी जगातल्या माणसांना शिवणार नाही म्हणाला. निदान झालं दीर्घकालीन पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम आणि संशयाने पछाडणारा गंभीर मानसिक आजार.

वेडेपणाच्या बचावासाठी तेव्हाच्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) कलम ८४ मध्ये प्रश्न असायचा की कृत्य करताना त्याला आपण काय करतोय ते कळत होतं का. इथे वेगळाच प्रश्न पुढे आला, शिक्षा झाल्यावर फाशी कायम करायच्या सुनावणीच्या वेळी आरोपी वेडा असेल तर काय करायचं? हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७५ मध्ये ठरलं की ती सुनावणीसुद्धा खटल्याचाच भाग आहे, त्यामुळे वेडेपणाची चौकशी तिथेही लागू. मृतांच्या घरच्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते मी समजू शकतो, तरी ज्याला आपल्याला कशासाठी मारतायत हेच उमगत नाही त्याला फासावर चढवायचं नाही, हे मला पटतं. शेवटी १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली. तो पुण्यात येरवड्याला होता, मानसिक उपचारही तिथेच चालले, आणि १९९५ मध्ये किडनीच्या आजाराने ससून हॉस्पिटलमध्ये वारला.