बर्डॉकचे शिजवलेले मूळ : पोषणमूल्य

बर्डॉक ही सूर्यफुलाच्या कुळातील द्विवर्षायू वनस्पती. तिचे शास्त्रीय नाव आर्क्टियम लॅप्पा. मराठीत तिला रूढ नाव नाही. जपानी लोक तिच्या मुळाला गोबो म्हणतात, कोरियात ते उओंग आणि चीनमध्ये न्यूबांग. युरोप व आशियाच्या थंड भागांत ती रानात आपोआप उगवते, काश्मीरकडच्या हिमालयातही सापडते. तिची आकडेदार फळे अंगावरच्या कपड्यांना घट्ट चिकटतात. १९४१ मध्ये स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल यांना आपल्या कुत्र्याच्या केसांत अडकलेली हीच फळे पाहून वेल्क्रोची कल्पना सुचली. आपल्याकडे बांधावरून चालून आल्यावर पायजम्याला लागून येणारा शंकेश्वर हा तिचा कुळबंधू.

युरोपात आणि चीनमध्ये बर्डॉकची ओळख मुख्यतः औषधी म्हणून आहे. तिला रोजच्या भाजीचा मान मिळाला तो जपानमध्ये. तिथे पहिल्याच वर्षी, फुलोरा येण्याआधी मूळ काढतात, कारण फुलोरा आला की ते लाकडासारखे होते. हे मूळ दोन-तीन सेंटिमीटर जाड आणि कधी कधी मीटरभर लांब असते. वरून तपकिरी, आत पांढरट. ओल्या मातीसारखा वास, किंचित गोडसर चव आणि शिजल्यावरही दाताखाली करकरणारा पोत ही त्याची ओळख. आओमोरी आणि इबाराकी हे प्रांत त्याच्या उत्पादनात आघाडीवर आहेत.

जपानच्या २०२० सालच्या अधिकृत अन्नघटक तक्त्यानुसार १०० ग्रॅम उकडलेल्या गोबोत सुमारे ८४ ग्रॅम पाणी, ५० कॅलरी, दीड ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम ०.२ ग्रॅम स्निग्धांश असतो. पोटॅशियम २१० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४८, मॅग्नेशियम ४०, लोह ०.७ मिलिग्रॅम आणि फोलेट ६१ मायक्रोग्रॅम. क जीवनसत्त्व अवघे १ मिलिग्रॅम. जीवनसत्त्वांसाठी कोणी गोबो खावा असे हे आकडे सांगत नाहीत. त्यासाठी पालेभाज्या आणि फळे कितीतरी सरस. गोबोचे खरे मोल तंतुमय पदार्थांत आहे. १०० ग्रॅममध्ये ते ६.१ ग्रॅम भरतात आणि त्यांतले २.७ ग्रॅम पाण्यात विरघळणारे असतात. जपानच्या २०२० सालच्या आहारविषयक शिफारशीत प्रौढ पुरुषाने दिवसाला किमान २१ ग्रॅम आणि स्त्रीने १८ ग्रॅम तंतू खावेत असे म्हटले होते. जेवणात तोंडी लावायला ५० ग्रॅम गोबो घेतला, तर त्यातले तीनेक ग्रॅम सहज भागतात.

अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात मात्र चित्र निराळे दिसते. तिथे १०० ग्रॅम उकडलेल्या मुळात ८८ कॅलरी, २१ ग्रॅम कर्बोदके, ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि तंतू केवळ १.८ ग्रॅम. त्याच तक्त्यात कच्च्या मुळाच्या कॅलरी ७२ आहेत, म्हणून उकडल्याने कॅलरी वाढतात असा समज होतो. तो चुकीचा आहे. तिथल्या उकडलेल्या नमुन्यात पाणी कमी होते, त्यामुळे त्याच वजनात घन भाग जास्त आला, एवढेच. तंतूंमधली तफावत अधिक महत्त्वाची आहे. नमुना आणि मोजण्याची पद्धत बदलली की हा आकडा बराच हलतो. काही जुन्या पद्धतींत पाण्यात विरघळणारे, आखूड साखळीचे तंतू मोजणीतून निसटतात, आणि गोबोत नेमके तेच भरपूर असतात. ज्या देशात हे मूळ रोज शिजते, तिथला तक्ता आधार म्हणून घेणे मला अधिक योग्य वाटते.

या विरघळणाऱ्या तंतूंमध्ये मुख्य असतो इन्युलिन. फळांतल्या साखरेच्या, म्हणजे फ्रुक्टोजच्या रेणूंची ही साखळी. कॉफीत मिसळली जाणारी चिकोरी याच कुळातली, तिच्या मुळातही इन्युलिन असते. कांदा-लसणातही ते थोडेफार आहे. बटाट्यातल्या स्टार्चसारखे ते आपल्या लहान आतड्यात पचत नाही. जसेच्या तसे मोठ्या आतड्यात जाते आणि तिथले जिवाणू त्यावर पोसतात. या आंबण्यातून तयार होणारी लहान मेदाम्ले आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडतात. याच आंबण्यातून वायूही होतो, म्हणून सवय नसलेल्याने पहिल्यांदा वाटीभर खाल्ले तर पोट फुगते. थोड्यापासून सुरुवात करणे बरे.

स्वयंपाकघरात काय होते त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. गोबो चिरला की काही मिनिटांत काळपट पडतो. त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या पॉलिफिनॉलांवर, म्हणजे वनस्पतीतल्या उपयुक्त घटकांवर, विकर (एन्झाइम) आणि हवा यांची क्रिया होते, आपले वांगे चिरल्यावर होते तशीच. म्हणून जपानी स्वयंपाकात चिरलेले तुकडे पाण्यात किंवा व्हिनेगरच्या पाण्यात टाकायची रीत आहे. बघता बघता ते पाणी चहासारखे तपकिरी होते. तो रंग म्हणजे मळ नव्हे, त्यात पाण्यात उतरलेली पॉलिफिनॉलेच असतात. त्यामुळे क्षणभर बुडवून काढणे ठीक, तासभर भिजत ठेवणे हा तोटाच. सालीचेही तसेच. सुगंध आणि हे घटक सालीलगत जास्त असतात, म्हणून जाणते लोक साल सोलत नाहीत. सुरीच्या पाठीने माती आणि वरची पापुद्री खरवडून काढतात.

उकडताना पोटॅशियम पाण्यात उतरते. जपानी तक्त्यात कच्च्या मुळात ते ३२० मिलिग्रॅम आहे, उकडलेल्यात २१०. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पोटॅशियम कमी करायला सांगितले असेल, तर उकडून पाणी टाकून देणे त्याच्या सोयीचे. इतरांनी सूपच करावे. जपानी स्वयंपाकात मूळ पेन्सिलीला टोक काढावे तसे फिरवत फिरवत तासतात, त्याला सासागाकी म्हणतात. हे पातळ काप मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सुपात पडले की विरघळलेले सगळे वाटीतच राहते.

सर्वांत लोकप्रिय प्रकार किनपिरा : गोबोच्या आणि गाजराच्या बारीक काड्या तिळाच्या तेलात परतून सोया सॉस, साखर आणि लाल मिरची घालायची. तेल-साखरेने कॅलरी वाढतात, पण काळजी करावी ती मिठाची. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १८ ग्रॅम सोया सॉसमध्ये, सुमारे अडीच ग्रॅम मीठ असते.

रक्तशुद्धीपासून कर्करोगापर्यंत अनेक गुण बर्डॉकला चिकटवले जातात. भाजी म्हणून खाल्लेल्या शिजवलेल्या मुळाबाबत ते सिद्ध झालेले नाहीत. शेवंतीसारख्या याच कुळातील फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून खावे.

रानातून मूळ खणून आणण्यात तर जिवाचा धोका आहे. जपानमध्ये परसात लावलेल्या धोतऱ्याचे मूळ गोबो समजून किनपिरा केल्याने विषबाधा झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. धोतऱ्यातली ॲट्रोपिनसारखी विषे शिजवूनही जात नाहीत. बाहुल्या विस्फारणे, तोंड कोरडे पडणे आणि भ्रम होणे ही त्या विषबाधेची लक्षणे.