मुखवट्याचे पैसे माइकवर घाला

गट प्रकल्प म्हणून लघुपट करायचा ठरला की बेळगावातल्या कॉलेजच्या पोरांचा कौल बहुधा भुताला मिळतो. नट कमी लागतात, रात्र फुकट मिळते आणि खानापूरकडं कुणाच्या तरी आजोळी पडका वाडा असतोच. मग वर्गणी निघते आणि तिच्यातला मोठा हिस्सा मुखवटा, पांढरी साडी आणि लाल रंगावर जातो. अशा गटांना माझं सांगणं असतं, की मुखवट्याचे पैसे राखा आणि एक बरा माइक भाड्यानं आणा. भीती मेंदूत कशी तयार होते याबद्दल आज जे कळलंय, त्याचा बराचसा कल याच सल्ल्याकडं आहे.

आधी दचकणं आणि भिणं वेगळं करू. अचानक मोठा आवाज झाला की त्याची खबर मेंदूच्या देठातल्या मोजक्या पेशींमधून थेट स्नायूंकडं जाते. पापणीचा स्नायू साधारण 30 ते 50 मिलिसेकंदांत आखडतो. काय वाजलं हे तोवर आपल्याला कळलेलंही नसतं. सेकंदाला 25 फ्रेम या वेगानं एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते, म्हणजे एक-दोन फ्रेममध्ये प्रेक्षकाच्या पापण्या मिटायला लागतात. आणि बहुतेक गट मुखवट्याचं दर्शन नेमकं याच क्षणी घडवतात! एवढ्या हौसेनं रंगवलेला चेहरा बघायला डोळे उघडे तरी हवेत. आवाज आणि चेहरा यांत थोडं अंतर ठेवा.

भिणं याहून संथ आणि खोल आहे. त्यात मोठा वाटा मेंदूतल्या बदामाच्या आकाराच्या अमिग्डाला या भागाचा. विज्ञानसाहित्यात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकन स्त्री आहे. एका दुर्मीळ आजारात तिच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झाला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी तिला भयपट दाखवले, साप आणि कोळी असलेल्या दुकानात नेलं, भुताटकीचा देखावा उभारलेल्या इमारतीतून फिरवलं. तिला भीती वाटली नाही, उलट कुतूहल वाटलं. पुढं 2013 मध्ये तिला 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा मात्र ती घाबरून गेली. श्वास कोंडल्याची भीती दुसऱ्या वाटेनं येते, हे त्यातून दिसलं. अमिग्डाला जागा झाला की दचकण्याची यंत्रणाही जास्त ताणलेली राहते. म्हणून कँटीनमध्ये ताट पडलं तर आपण नुसतं वळून बघतो, पण दोन मिनिटांच्या धास्तावलेल्या शांततेनंतर तेच ताट पडलं तर खुर्चीतून उडतो. शांततेची ती दोन मिनिटं कापू नका.

आता आवाजाकडं. साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते. किंकाळीत ती 30 ते 150 वेळा होते. 2015 साली ल्यूक अर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. आवाजातला हा खरखरीतपणा जितका जास्त, तितका तो ऐकणाऱ्याला भीतिदायक वाटतो आणि अमिग्डाला तितका जास्त चेततो. धोक्याच्या भोंग्यांतही हाच गुण आढळला. त्याआधी 2010 मध्ये डॅनियल ब्लमस्टीन यांनी 102 चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्या तपासल्या. हे गृहस्थ मुळात मार्मोट नावाच्या खारकुळातल्या प्राण्यांच्या हाकांचे अभ्यासक. पकडलेली पिल्लं ज्या फाटक्या आवाजात ओरडतात, तशाच कर्कश किंकाळ्या भयपटांत अधिक सापडल्या.

हे आवाज विकत आणायची गरज नाही. शहाबादी फरशीवर ओढलेलं लोखंडी कपाट, गंजलेल्या बोअरिंगचा दांडा, वंगण सुकलेली बिजागरी, सगळ्यांत ही खरखर आहे. जुन्या वाड्यांत आणि देवळांच्या शिखरांत राहणारं गव्हाणी घुबड तर चिरका ओरडा देतंच. गटात निम्मी पोरं मराठी आणि निम्मी कन्नड असली की संवाद कुठल्या भाषेत यावर खल होतो. भीतीच्या प्रसंगात मुळात संवाद कमी ठेवा.

रात्री लांबचे आवाज जवळ आल्यासारखे का वाटतात, याचं कारण हवेत आहे. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची गार असते, त्यामुळं ध्वनी वर वळून निघून जातो. निरभ्र रात्री जमीन गार पडते, थर उलटे होतात आणि ध्वनी पुन्हा खाली वाकतो. लोंढ्याकडं जाणाऱ्या गाडीची शिटी हिवाळ्यात कित्येक किलोमीटरवर स्पष्ट ऐकू येते ती यामुळं. रात्री शिवारात ऐकू आलेल्या घुंगरांच्या कितीतरी गोष्टींमागं लांबच्या वाटेनं जाणारी बैलजोडी असणार, असं मला वाटतं.

कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाचं मात्र फार मनावर घेऊ नका. 1998 साली इंग्लंडमध्ये व्हिक टँडी यांनी प्रयोगशाळेत भासलेल्या भुताचा संबंध पंख्यामुळं उठणाऱ्या सुमारे 19 हर्ट्झच्या कंपनांशी लावला आणि ती गोष्ट जगभर गाजली. पण 2009 साली लंडनमध्ये खास खोली बांधून अशा कंपनांची चाचणी घेतली, तेव्हा चमत्कारिक अनुभवांशी त्यांचा संबंध दिसला नाही. शिवाय मोबाइलच्या स्पीकरमधून 19 हर्ट्झ बाहेर येणारही नाही.

डोळ्यांची बाजू मला सर्वात मोहक वाटते. दृष्टिपटलावर 9 कोटींच्या आसपास दंडपेशी अंधुक उजेडासाठी असतात, पण अगदी मध्यभागी, जिथं आपण रोखून बघतो, तिथं त्या नसतातच. म्हणून अंधारात कडेला काहीतरी दिसतं आणि वळून पाहिलं तर नाहीसं होतं. भूतकथांमधला हा हमखास प्रसंग आपल्या डोळ्याच्या रचनेतच आहे. पडद्यावर तो उभा करायचा तर आकृती फ्रेमच्या कडेला, धूसर आणि क्षणभर ठेवा. दंडपेशींना पूर्ण जागं व्हायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात ती कमाई जाते. सेटवर लाल टॉर्च वापरा, लाल उजेडाला या पेशी जवळजवळ दाद देत नाहीत. त्यामुळंच अंधारात आपल्याला लाल रंग काळपट दिसतो. कॅमेऱ्याचं तसं होत नाही. तो रात्रीही रक्त लालभडक टिपतो आणि प्रसंग नाटकी वाटतो. एडिट करताना लाल उतरवा, निळसर छटा राहू द्या. ट्यूब किंवा बल्बच्या उजेडात कॅमेऱ्याच्या शटरचा वेग 1/50 सेकंदावर ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळं नाहीतर पडद्यावर पट्टे सरकतात.

कथा हवी असेल तर जांबोटीच्या रानातला चकवा घ्या. वाट चुकलेला माणूस रात्रभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडाशी येतो. 2009 साली यान सौमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना जर्मनीतल्या एका जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली. जंगलात ढग आले की गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडू लागली आणि त्यांना ते कळलंही नाही. डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर काहींची वर्तुळं अवघ्या 20 मीटर व्यासाची झाली. आषाढातल्या ढगाळ रात्रीची पटकथा यात तयारच आहे. चित्रीकरण मात्र गावालगतच्या एखाद्या राईत, मालकाला विचारून करा. भीमगड अभयारण्याच्या बाजूला अस्वलं आहेत. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, आणि कित्येक दशकं जगात फक्त तिथलंच ठाऊक असलेल्या त्या जातीवर दिवे मारणं मला कुठल्याच प्रकल्पासाठी मान्य नाही.

लघुपट झाला की त्याचा प्रयोगही करा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अनेक घरांत पडून आहे. मित्रांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा. एका गटाला ध्वनीसह, दुसऱ्याला ध्वनी बंद करून दाखवा आणि त्याच प्रसंगी नाडीचे ठोके टिपा. एकाच माणसाला दोन्ही दाखवू नका, दुसऱ्या खेपेला पुढं काय येतं हे त्याला ठाऊक असतं. भीतीनं बोटांतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि यंत्र आकडा चुकवतं, तेव्हा सुरुवातीलाच सगळ्यांना हात चोळून गरम करायला सांगा.