पाठीतल्या पाण्याची भीती कुठून आली?

लेकराला दोन दिवस ताप, एक झटका येऊन गेलेला, मान पुढं वाकवली की किंचाळतंय. डॉक्टर सांगतात, मेंदूज्वर वाटतोय, पाठीतलं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं, पाणी काढून तपासावं लागेल. तेवढ्यात सोबत आलेलं कुणीतरी म्हणतं, “पाणी काढू देऊ नका, पोरगं पांगळं होतं.” मग सहीसाठी घरातल्या थोरल्या माणसाची वाट बघितली जाते आणि मोलाचे तास निघून जातात. या भीतीला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं, त्यातूनच ती आली असावी.

मेंदूज्वराच्या साथीचं पहिलं नीट वर्णन १८०५ सालचं, जिनिव्हातलं. १८८७ मध्ये वाइक्सेलबाउम यांना त्याचा एक जंतू सापडला, तर १८९१ मध्ये जर्मनीत क्विन्के यांनी कमरेतून सुई घालून पाणी काढण्याची रीत मांडली. पण रोग ओळखता आला तरी खात्रीचं औषध नव्हतं. सल्फा औषधं १९३० च्या दशकात आली, पेनिसिलिन त्यानंतर. क्षयामुळे होणारा मेंदूज्वर तर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध येईपर्यंत म्हणजे मरणच होतं.

त्यात आपला भाग. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. औरंगाबादचं वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चं, अंबाजोगाईचं सत्तरच्या दशकातलं, नांदेडचं १९८८ चं, लातूरचं २००२ चं. तोवर अंगारा, झटका आला की नाकाला फोडलेला कांदा, गावातलं एखादं इंजेक्शन, आणि लेकरू अगदीच गळालं की मोठा दवाखाना. तिथं पाणी काढलं जायचं. पुढं ते दगावलं किंवा हातपाय लुळे पडले, तर गावाच्या लक्षात राहायची ती सुई. नुकसान रोगानं आणि उशिरानं आधीच केलेलं असायचं.

खरं तर सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये टोचतात. मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. लेकराला कुशीवर घेऊन गुडघे पोटाशी दुमडतात आणि थेंब थेंब पाणी बाटलीत घेतात. निरोगी पाणी नितळ असतं. जंतूंनी पू झाला की तांदळाच्या धुवणासारखं गढूळ दिसतं. कोणता जंतू, कोणतं औषध, किती दिवस, हे त्या थेंबांवरून ठरतं. पाणी काढायला उशीर होणार असेल किंवा लेकराची तब्येत ते सोसण्यासारखी नसेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस आधी द्यायचा असतो. तो थांबता कामा नये.

मेंदूज्वर टाळायला लसीही आहेत. क्षयावरची बीसीजी जन्मताच देतात. हिब या मेंदूज्वराच्या जंतूवरची लस पेंटाव्हॅलेंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून २०११ पासून टप्प्याटप्प्यानं देशभर आली, न्यूमोकोकस या दुसऱ्या जंतूवरची २०२१ मध्ये सगळीकडं पोचली. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या घरांतल्या लेकरांचे डोस मात्र फडावर राहून जातात. याची मला फार काळजी वाटते. लसीचं कार्ड सोबत नेलं, तर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातही डोस मिळतो.

तान्ह्या लेकराची मान ताठ होईलच असं नाही. लेकरू शांत असताना, बसतं धरून त्याच्या डोक्यावरची मऊ टाळू बघावी: फुगून वर आली असेल, लेकरू अंगावर पीत नसेल, उचललं की जास्तच रडत असेल, गुंगीत असेल, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके असतील, तर सकाळची वाट बघू नये. १०८ ला फोन करावा. झटका चालू असेल तर कुशीवर निजवावं, तोंडात चमचा, पाणी काही घालू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जंतूंमुळे मेंदूज्वर झालेल्या सहांपैकी एक जण दगावतो आणि पाचांपैकी एकाला कायमचा त्रास राहतो. त्यात बहिरेपण बरंच असतं, आणि लहान लेकराचं ते पटकन कळत नाही. म्हणून घरी सोडण्याआधी, फार तर महिन्याभरात, कानांची तपासणी मागून करून घ्यावी. आतला कान काही महिन्यांत हाडासारखा घट्ट होऊ लागला, तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवायचं यंत्र, बसवणं अवघड जातं.