गिरणी कामगार संघटनांचा निधी (मुंबई)

मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगार संघटनांनी वर्गणी, देणग्या व संपनिधी यांतून उभारलेला पैसा आणि त्याच्या हिशेबाची पद्धत.

आरंभाचा काळ वादग्रस्त आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या मिलहँड्स असोसिएशनची स्थापना काही अभ्यासक १८८४ ची, म्हणजे फॅक्टरी कमिशनपुढील (कारखान्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळापुढील) अर्जासाठी भरलेल्या सभांच्या वेळची धरतात, तर काही १८९० ची. या संस्थेला सभासदांची यादी, निधी व नियम नाहीत, अशी नोंद १८९२ च्या कारखानेविषयक सरकारी अहवालात आहे. ती ग्राह्य धरल्यास दोन्ही सनांना वर्गणीचा आधार उरत नाही. लोखंड्यांची संस्था हे कामगारांच्या वतीने चाललेली मुखत्यारी होती, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

नियमित वर्गणी रुजली ती १९२० नंतर. मे १९२८ मध्ये नोंदलेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या डिसेंबरपर्यंत सुमारे ५४,००० झाल्याचे सांगतात. माणशी चार आणे धरले तर महिन्याला १३,५०० रुपये होतात. पण हा आकडा यादीवरचा आहे, वसुलीचा नव्हे. संपात पगार थांबला की वर्गणीही आटते आणि धान्यवाटपाचा खर्च मात्र तेव्हाच सुरू होतो. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाहेरून, परदेशांतूनही, मदत आली. तरी कामगार तगले ते मुख्यतः वाण्याच्या उधारीवर आणि गावच्या शेतीवर.

१९२६ च्या कामगार संघटना (ट्रेड युनियन) कायद्याने खर्चाच्या बाबी ठरवून दिल्या. राजकीय निधी वेगळा ठेवणे व तो ऐच्छिक असणे बंधनकारक झाले. सर्वसाधारण निधीतून इतर कामगारहिताच्या कार्याला द्यायची रक्कम वर्षारंभीची शिल्लक आणि तोवरचे उत्पन्न यांच्या बेरजेच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू नये, असाही नियम होता. तपासलेला वार्षिक हिशेब निबंधकाकडे द्यावा लागे.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वर्गणीला वेगळेच वजन आले. प्रातिनिधिक (सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेल्या) संघटनेसाठी स्थानिक क्षेत्रातील आधी १५ व पुढे २५ टक्के कामगार सभासद लागत आणि तीन महिन्यांहून जास्त थकबाकीदार मोजायचा नाही. त्यामुळे तपासणीत क्रमांकित पावतीपुस्तके, त्यांच्या स्थळप्रती (पुस्तकात उरणारे भाग), सभासद नोंदवही व रोकडवही एकमेकींशी जुळावी लागत. गिरणीच्या खात्याखात्यांत वाटलेली पुस्तके परत न येणे, किंवा मागील महिन्यांच्या पावत्या एकदम फाडणे, हे नेहमीचे दोष. वसुली पगाराच्या दिवशीच होई. १९७१ च्या महाराष्ट्राच्या कामगार संघटना मान्यता कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेला पगारवाटपाच्या जागी वर्गणी गोळा करण्याचा हक्क दिला. पुढे कामगाराच्या संमतीने पगारातून वर्गणी कापण्याचीही सोय झाली.

जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि मासिक वर्गणीचा पायाच आक्रसला.